तिसरा भिडू

सावंतवाडीला गेलेला माणूस मोती तलावाकाठी जरा रेंगाळतो, चितार आळीतून लाकडी फळांची परडी घेतो, राजवाड्यात डोकावतो आणि खिशाला परवडलं तर गंजिफाचा एक डबा उचलतो. घरी आल्यावर डबा काचेच्या कपाटात जातो. पाहुणे आले की बाहेर निघतो. मत्स्य, कूर्म, वराह अशी गोल पानं हातोहात फिरतात, लाखेच्या झिलईवरून अंगठे फिरतात, ‘अजून बनवतात म्हणजे हे!’ असं कुणीतरी म्हणतं आणि डबा पुन्हा कपाटात. हा पत्त्यांचा जोड आहे, तो पिसायचा, वाटायचा आणि भांडत भांडत खेळायचा असतो, हे कुणाच्या मनातही येत नाही. गंजिफा विकला जातो, भेट दिला जातो, संग्रहालयात मांडला जातो. खेळला तेवढा जात नाही.

मी त्याचं मोबाइलवर खेळायचं अ‍ॅप केलं. का केलं, ह्याला चारचौघांत सांगण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही. नोकरी सॉफ्टवेअरमधली, त्यामुळे हात शिवशिवत होते एवढं म्हणता येईल. संस्कृतिरक्षणाचा झेंडा माझ्या खांद्यावर नाही. तो सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी आणि शिवरामराजे भोसले ह्यांनी १९७०च्या दशकात उचलला, जुन्या जाणत्या चिताऱ्यांना गाठून, कला शिकून घेऊन आणि राजवाड्यातच कारागीर बसवून. मला पत्ते आवडतात, बास. आमच्या घरातली मुलं मेंढीकोट, झब्बू, लाडीस आणि पाच-तीन-दोनवर वाढली. इतका जुना आणि इतका अवघड खेळ आपल्याच मुलखात पडून आहे हे कळल्यावर तो खेळून बघितल्याशिवाय चैन पडेना. खेळायला दोन माणसं मिळेनात, म्हणून यंत्राची दोन माणसं बनवली. पुढचं सगळं त्यातून निघालं.

अवघड म्हणतोय ते उगाच नाही. गंजिफा मोगलांबरोबर इकडे आला. बाबरानं १५२७ साली सिंधमध्ये शाह हसनकडे तो धाडल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगली जोडात आठ रंग आणि ९६ पानं. आपल्याकडे रंग दहा झाले, एकेका अवताराचा एकेक. ओडिशात आणि बंगालमधल्या बिष्णुपूरलाही असा दशावतारी जोड बनतो. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. एकूण १२०, तिघांत वाटली की प्रत्येकी ४०. हुकूम नाही. उतारीच्या रंगात सगळ्यात मोठं पान ज्याचं, त्याचा हात. इथवर सोपं आहे. पण निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या निम्म्यांत नेमकं उलट. आणि पहिली उतारी कुणाची, हे आकाशाकडे बघून ठरतं. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे आलाय तो सुरुवात करणार. रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो.

ह्या एका नियमापायी मी अ‍ॅप केलं असं म्हटलं तरी चालेल. पाटावर बसलेल्या माणसाला खिडकीबाहेर बघावं लागायचं, फोनला वेळ आपोआप कळते. अर्थात सूर्यास्त नेमका कधी हे कळायचं तर फोनला आपण कुठे आहोत ते विचारावं लागतं, आणि पत्त्यांच्या अ‍ॅपनं ‘तुमचं ठिकाण सांगा’ म्हटलं की शहाणा माणूस ते तिथल्या तिथे काढून टाकतो. म्हणून सकाळी सहा ते संध्याकाळी सहा दिवस, पुढे रात्र. सगळ्या देशाला एकच घड्याळ असल्यामुळे हिवाळ्यात गुवाहाटीला अंधार पडून तास झाला तरी तिथे अजून रामाचीच उतारी असते. हे मला आजही खटकतं. पुढचा पेच त्याहून मोठा. एक भिडू पुण्यात, रात्रीच्या जेवणानंतर लोळत पडलेला, आणि दुसरा न्यू जर्सीत, भर दुपारी कचेरीच्या कँटीनमध्ये. आता राम की कृष्ण? कुठल्याच जुन्या जाणकाराला हा प्रश्न पडला नव्हता, त्यामुळे विचारायचं कुणाला? शेवटी पत्ते वाटणाऱ्याच्या आकाशावर ठरवलं. वाटणारा बदलला की रात्रीचा दिवस होतो. लहान मुलांना ह्यात काही वावगं वाटत नाही, मोठी माणसं मात्र हटकून थांबतात आणि खिडकीबाहेर बघतात.

पडद्याचं दुखणं वेगळं. नेहमीच्या पत्त्यांच्या कोपऱ्यात आकडा असतो, त्यामुळे पंखा करून नुसते कोपरे बघितले तरी भागतं. गोल पानाला कोपराच नाही. चाळीस गोल पानं एकमेकांवर सरकवली की फोनवर उरते ती रंगीत चकत्यांची चळत. मासे नऊ की दहा, हे मोजायला भिंग लागेल. म्हणून हातातली पानं रंगवार दहा गड्ड्यांत लावली, बोट ठेवलं की ती गड्डी उघडते, आणि प्रत्येक पानाच्या वरच्या कडेला बारीक देवनागरी आकडा टाकला. ज्या चिताऱ्याकडून चित्रं करून घेतली त्याला आकडा मुळीच रुचला नाही. ‘ज्याला मासे मोजता येत नाहीत त्यानं खेळू नये,’ असं त्याचं म्हणणं. म्हणणं बरोबर आहे. पण माझ्या मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि पहिली गिऱ्हाईक तीच होती.

तिनं फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिलाच प्रश्न टाकला, “हुकूम कुठला?”

“हुकूम नाही, मावशी.”

“मग मजा कसली?”

“लक्षात ठेवायचं. कुठली पानं पडली, कुठली राहिली.”

“एकशेवीस पानं?” तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला चारधामला पायी पाठवतोय. तरी खेळली. चौथ्या-पाचव्या हातानंतर पुटपुटायला लागली. “हा उजवीकडचा मेला परशुराम दाबून बसलाय. बघ हं, आता मी कुऱ्हाडीचीच उतारी करते.” डाव हरली. फोन परत देताना म्हणाली, “खेळ चांगला आहे रे. पण ह्या दोघांशी भांडता येत नाही.” नंतर भेटलेल्या पुष्कळ शहाण्या सल्लागारांनी मिळून मला एवढं कामाचं सांगितलं नाही.

अ‍ॅप बनवणं निराळं आणि दुकानात मांडणं निराळं. अ‍ॅपलचं खातं वर्षाला ९९ डॉलर मागतं, गूगलचं एकदाच २५. मी गूगलची वाट धरली. तिथे नोव्हेंबर २०२३पासून नव्या वैयक्तिक खात्यांना एक अट आहे : खेळ सगळ्यांना खुला करण्याआधी काही माणसांनी तपासनीस म्हणून नाव नोंदवून सलग १४ दिवस यादीत टिकायचं. आधी अशी २० माणसं लागत, पुढे गूगलनं ती १२वर आणली. गोतावळा मोठा, तेव्हा बाराजण म्हणजे डाव्या हाताचा मळ असं वाटेल. पण निम्म्यांकडे आयफोन. एका चुलतभावानं दुवा उघडायलाच नकार दिला, कारण बँकेचा संदेश आला होता की अनोळखी दुवे उघडू नका. “अरे, मी अनोळखी आहे का?” “तू नाहीस, दुवा आहे.” एकमेकांची अ‍ॅप तपासून देणाऱ्यांच्या टोळ्याही असतात, तू माझं उघड, मी तुझं उघडतो. तिथून आलेली माणसं अट पूर्ण करतात, पण उघडणं म्हणजे खेळणं नव्हे. त्यांतल्या एकानंही डाव शेवटपर्यंत नेला नाही.

मग प्रश्नावली. खेळ कोणत्या वयाला योग्य, त्यात मारामारी आहे का, जुगार आहे का, जुगाराची नक्कल आहे का. शेवटच्या प्रश्नाशी मी जरा घुटमळलो. गंजिफा पैसे लावूनही खेळत आलेत, जसं लोक काहीही पैसे लावून खेळत आलेत. माझ्या खेळात पैसा नाही, नाणी नाहीत, हिरे-माणकं नाहीत. तसं लिहून दिलं. लोकांना मात्र ते लिहून देता येत नाही. कित्येक वर्षं टीव्हीवर आणि क्रिकेटच्या सामन्यांत रमीच्या जाहिरातींचा असा मारा झाला की मोबाइलवरचे पत्ते म्हणजे पैसा हे समीकरण डोक्यात बसलंय. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्रानं कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, पण सवय कायद्यानं जात नाही. माझ्या खेळाखाली आलेल्या पहिल्या अभिप्रायांतला एक असा : एक तारा, ‘जिंकलो पण पैसे कुठून काढायचे ते दिसत नाही, फसवणूक.’ दुसरा त्याहून मनाला लागणारा : दोन तारे, ‘आमच्या आजोबांकडे असं खेळत नसत.’ त्या माणसाला मी तातडीनं उत्तर लिहिलं. आजोबा कसं खेळत ते सांगा, म्हटलं. गंजिफाचे नियम गावोगाव बदलतात, आणि खेळणारं माणूस माहीत असणं हेच मुळात घबाड. उत्तर आलं नाही. अजून वाट बघतोय.

आता लोकांना हा खेळ सापडायचा कसा, ते बघा. दुकानात कुणी ‘गंजिफा’ असं लिहून शोधत नाही. ज्याला हा शब्द माहीत आहे तो हस्तकलेच्या प्रदर्शनात असतो, अ‍ॅपच्या दुकानात नाही; आणि जो अ‍ॅपच्या दुकानात असतो त्यानं हा शब्द ऐकलेला नाही. ‘दशावतार’ म्हणून शोधावं तर आधी कोकणातली रात्रभर चालणारी नाटकं, आणि सप्टेंबर २०२५पासून त्याच नावाचा गाजलेला चित्रपट. ‘पत्ते’ म्हणावं तर बड्या कंपन्यांची रांग. जाहिरात विकत घ्यायची तर तीही लिलावातच, आणि आलेला खेळाडू आपल्या खर्चाहून जास्त पैसे देऊन जाणार असेल तरच तो लिलाव परवडतो. मावशीकडून मी किती वसूल करणार?

ओळखीचे लोक धीर द्यायला गोष्टी सांगतात. हनोईच्या डाँग न्गुयेनचा ‘फ्लॅपी बर्ड’ मे २०१३मध्ये आला, सात-आठ महिने कुणी हुंगला नाही आणि जानेवारीत एकदम जगभर झाला. (त्या गलक्याला कंटाळून त्यानं फेब्रुवारी २०१४मध्ये तो स्वतःच काढून टाकला, हा भाग सांगणारे विसरतात.) जॉश वॉर्डलनं आपल्या जोडीदारासाठी शब्दांचा एक छोटा खेळ केला, १ नोव्हेंबर २०२१ला ‘वर्डल’ ९० जण खेळत होते, दोन महिन्यांनी तीन लाख. आणि आपल्या नवी मुंबईचा ‘लुडो किंग’. २०१६चा, पण २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत पोचला.

गोष्टी खऱ्या आहेत, पण माझ्या उपयोगाच्या नाहीत. पाखरू उडवायला दुसरं माणूस लागत नाही. शब्द ओळखायलाही लागत नाही; उलट एकट्यानं सोडवून मग इतरांना दाखवण्यातच त्याची गंमत. लुडोला माणसं लागतात, पण लुडो शिकवावा लागत नाही, आणि एकच फोन हातोहात फिरवून तो घरच्या घरी खेळता येतो. गंजिफात चाळीस पानं झाकून ठेवायची असतात, फोन फिरवणार कसा? माझ्या खेळाला फार माणसं नकोत. तीन हवीत. फक्त ती एकाच वेळी हवीत, आणि सगळी गोम तिथेच आहे.

हिशेब करून बघा. समजा दिवसाला शंभर माणसांनी खेळ उघडला, म्हणजे आमच्यासारख्याची दिवाळी. प्रत्येकानं इतर भिडूंसाठी दोन मिनिटं वाट बघितली. झाली दोनशे मिनिटं. दिवसाची मिनिटं १४४०. म्हणजे बहुतेक वेळ बैठकीत चिटपाखरू नसणार, दोघांची गाठ क्वचित पडणार आणि तिघांची म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. येणारा प्रत्येक जण रिकामी बैठक बघतो, हा खेळ कुणी खेळत नाही असं समजतो आणि निघून जातो. म्हणून पुढच्यालाही बैठक रिकामी दिसते. यंत्राचे भिडू बसवून ती भरलेली दाखवता येते. बरेच जण तसं करतात, त्या यंत्रांना माणसांची नावंही देतात. मला ते लबाडीचं वाटतं. माझ्याकडच्या यंत्रांची नावं ‘यंत्र १’ आणि ‘यंत्र २’ आहेत.

एक तोड होती : बैठक दिवसभर बंद ठेवायची आणि ठरल्या वेळी उघडायची. अमेरिकेत २०१७मध्ये ‘एचक्यू ट्रिव्हिया’ नावाचा प्रश्नमंजूषेचा खेळ असाच ठरल्या वेळी भरायचा आणि लोक हातातलं काम टाकून फोन काढायचे. मी रात्री साडेनऊची वेळ लावली. मावशीचा फोन आला, “साडेनऊला मालिका असते.” साडेदहा केली. आता मालिका संपलेल्या असतात, पण मावशी झोपलेली असते. तरी साडेदहाला कधी एक, कधी दोन टेबलं लागतात. एक बाई आखाती देशातून येतात, त्यांच्याकडे तेव्हा नऊ. त्या कधीच काही बोलत नाहीत, पण पडलेलं एकही पान विसरत नाहीत. त्यांनी लावलेली उतारी बघून मी शिकतो.

मात्र खेळ फिरायला लागला तो साडेदहामुळे नाही. शिमग्याला आम्ही मांडवी एक्सप्रेसनं गावी निघालो होतो. आम्ही तिघं, मी, भाऊ आणि भाचा. कोकण रेल्वेवर फोनची रेंज अशी की एक बोगदा संपून ती येईतो दुसरा बोगदा. म्हणून एका फोनचा हॉटस्पॉट लावून तिघांनी इंटरनेटशिवाय खेळायची सोय आधीच करून ठेवली होती. खरं तर ती मी चाचणीसाठी केली होती, खेळाच्या ओळखीत तिचा उल्लेखही नव्हता. पनवेल सुटल्यावर पत्ते वाटले. समोर कॉलेजातली चार मुलं, बाजूच्या बाकावर एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या सौभाग्यवती. बटाटेवडे आले, गेले. मुलं आधी फोनवर झुकली, मग आमच्यावर. “काका, कासव मोठं की मासा?” “रंगांत लहानमोठं नाही रे, उतारी ज्याची त्या रंगाचं पान.” मास्तर ऐकत होते. “म्हणजे पाच-तीन-दोनच, पण हुकूम न बोलता,” ते म्हणाले. इतकी नेमकी ओळख मला दुकान देतं त्या ऐंशी अक्षरांत लिहिता आली नव्हती. ती आता दुकानात तशीच्या तशी लावली आहे.

खेडच्या पुढे मुलांनी अ‍ॅप मागितलं. रेंज नाही. भाच्यानं ते फोनमधून फोनमध्ये पाठवलं, ती युक्ती मला ठाऊकही नव्हती. चिपळूणपर्यंत खणात दोन टेबलं लागली आणि भांडणं सुरू झाली. मावशीला हवी होती तशी, पान मागे घेण्याची, शेजाऱ्याच्या फोनात डोकावण्याची, ‘तू वराहाचा प्रधान टाकलाच का’ अशी. फोनवरचा खेळ असून कुणाची मान खाली नव्हती.

तेव्हापासून मी एकेकटा खेळाडू शोधत नाही. बैठक शोधतो. तिघं आधीच एकत्र कुठे बसलेली असतात? रेल्वेच्या डब्यात. गणपतीच्या दिवसांत रात्री ओसरीवर. वसतिगृहात परीक्षा संपल्यावर. रुग्णालयाच्या बाहेर, जिथे तिघांपैकी दोघांना करायला काहीच नसतं. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या सहलीत. ह्या जागा दुकानाच्या शोधात सापडत नाहीत आणि त्यांच्यासाठी लिलावही होत नाही. इंटरनेटशिवाय खेळायचं बटण आता पहिल्या पडद्यावर आणलंय, ऑनलाइनचं मागे ढकललंय. ह्या व्यवसायात मुरलेल्या एका मित्राला हे दाखवलं तर त्यानं कपाळावर हात मारला. असे खेळणारे तुझ्या आकडेवारीत दिसणारच नाहीत, म्हणाला, गुंतवणूकदाराला काय दाखवशील? गुंतवणूकदार आहे कुठे?

त्या प्रवासात मुलांनी मला एक काम लावून दिलं. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. गाडी आत शिरली, डब्यात काळोख झाला, नवा डाव वाटून झाला होता आणि रामाचा राजा भाच्याकडे आला होता. तो उतारी करणार तेवढ्यात समोरचा मुलगा ओरडला, “थांब! रात्र झाली. कृष्ण माझ्याकडे आहे!” भाचा घड्याळ दाखवायला लागला. मुलगा खिडकी दाखवायला लागला. मास्तरांनी, ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, मुलाच्या बाजूनं कौल दिला : नियम आकाशाचा आहे, घड्याळाचा नाही. बोगदा संपला तरी वाद संपला नव्हता, आणि उजेड आल्यावर आता पुन्हा रामच का, असा पोटवाद निघाला. पुढच्या आवृत्तीच्या कामांत मी ते टिपून ठेवलंय, आवाजाच्या बिघाडाच्या खाली : बोगद्यात रात्र धरावी का. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याजवळ उजेड मोजणारा संवेदक असतो, त्यामुळे होण्यासारखं आहे. तिन्ही फोनांनी मिळून अंधार आहे असं म्हटलं तरच रात्र धरायची, नाहीतर कुणीही फोन पांघरुणात घालून कृष्ण काढेल.